नाटकाने काय होतं? एकदा वडशाला जाऊन बघा

नाटकाचा समाजाला काय उपयोग असा विषय निघाला की लोकांना लगेच सखाराम बाईंडर आणि घाशीराम कोतवाल आठवतात. ते बरोबरच आहे, पण मला आधी आठवते झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा जो जंगलाचा आणि धानाचा पट्टा आहे ना, तिथे दिवाळी झाली, धान निघालं की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात, सोयरिकीची बोलणी होतात आणि रात्री नाटक असतं म्हणजे असतंच! हा सीझन पार होळीपर्यंत चालतो. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत, कडाक्याची थंडी, तरी म्हाताऱ्या, लेकरं, बाया सगळे शाली-ब्लँकेटं गुंडाळून बसलेले.

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे देसाईगंज, ही या रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथेच, गावची मंडळं येतात, नाटक पसंत करतात, तारीख ठरवतात, मग तिकिटं विकून खर्च काढायचा तो गावाने. ज्या गावात एरवी पैशाची चणचण असते तिथले लोक तिकीट काढून नाटक बघतात, यापेक्षा मोठा पुरावा मला तरी नको.

आणि विषय काय असतात तर दारू, हुंडा, जादूटोणा, जमिनीची भांडणं. आता विचार करा, हुंड्यावर भाषण ठेवलं तर हुंडा घेतलेला माणूस येणारच नाही. नाटकाला मात्र तो येतो, हुंडा देऊन कर्जात बुडालेला बापही तिथेच असतो, ती सूनही असते, आणि कुणाचंच नाव न घेता सगळ्यांचं सगळं समोर मांडलं जातं. उठून जाता येत नाही, कारण गोष्टीत जीव अडकलेला असतो.

नाटककार गो. ब. देवलांनी १८९९ साली संगीत शारदा या नाटकात हेच केलं होतं. पैशासाठी पोरगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट रंगमंचावर होता, आणि तसे बाप तेव्हा घरोघरी होते. त्याच्याही आधी १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी तृतीय रत्न लिहिलं, त्यात भविष्य सांगणारा जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पोचायचं तर नाटकच हवं, हे त्यांनी ओळखलं होतं असं मला वाटतं. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं.

झाडीपट्टीचं नाटक भडक असतं, रडारड फार, मधेच गाणी, असं शहरातले लोक म्हणतात. असेल भडक. पण इतक्या मोठ्या गर्दीतल्या शेवटच्या माणसापर्यंत दुःख पोचवायचं तर आवाज चढवावाच लागतो, आणि संगीत नाटकांचा अभिमान मिरवणाऱ्यांनी तरी गाण्यांना नाव ठेवू नये. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोंदिया-चंद्रपूर रेल्वे लाईनवर वडसा स्टेशन आहे. हिवाळ्यात जा, उतरल्यावर कुणालाही विचारा आज नाटक कुठे आहे, सांगतील. स्वेटर घेऊन जा आणि पहाटेपर्यंत बसा.