चोवीसशेचे दोन हजार ऐंशी

शनिवार, रात्र

हाताला अजून डिझेलचा वास येतोय. दोनदा साबण झाला, एकदा बेसन झालं, तरी जात नाही.

पावसाळाभर बोट वर काढून ठेवली होती. गेल्या आठवड्यात ती पाण्यात उतरली, गेटवेसमोरच्या मुरिंगवर (पाण्यातच बोट बांधून ठेवायच्या जागी) लागली आणि इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. आरपीएम मीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मात्र शून्यावरून हलला नाही. मे महिन्यातच तो अंगात आल्यासारखा थरथरत होता, काचेच्या आत धुकं साचलं होतं आणि खालच्या खिडकीतले, इंजिन एकूण किती तास चाललं त्याचे आकडे अर्धे पुसले गेले होते. तेव्हा आम्ही दोघा भागीदारांनी ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणून विषय संपवला. एक शहाणपणा तेवढा केला होता, तासांचा आकडा वहीत उतरवून ठेवला: १३८६.

बोटीची देखभाल करणारे नाखवा म्हणाले, “मशीन चालते ना साहेब? मग त्या घड्याळाचं काय काम?” त्यांचं खरं आहे. शिडाच्या बोटीत इंजिन लागतं ते मुरिंगवरून निघायला, परत यायला आणि वारा पडला की. पण मला काटा नसला की चैन पडत नाही. स्वभाव.

गंमत म्हणजे आमच्या बोटीतल्या मीटरचा इंजिनाशी थेट संबंधच नाही. तो अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडून, येणारे विजेचे ठोके मोजतो. आमच्या अल्टरनेटरच्या रोटरवर १२ ध्रुव आहेत, म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात ६ ठोके. इंजिनाची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुपटीहून थोडी मोठी, म्हणून इंजिनाच्या एका फेऱ्यामागे साधारण बारा-साडेबारा ठोके पडतात. ते मोजायचे, भागाकार करायचा आणि काटा हलवायचा, एवढंच मीटरचं काम. म्हणून पट्टा सैल झाला की इंजिन ठणठणीत असूनही आकडा कमी दिसतो. चार्जिंगचा लाल दिवा गेलेला असेल तर थोडं रेस करेपर्यंत काटा झोपलेलाच राहतो. दोन्ही तपासलं. पट्टा ताठ होता, दिवा लागत होता.

मग मल्टिमीटर. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर (ठोके जिथून बाहेर येतात तिथे) ७ व्होल्ट एसी. पॅनलच्या मागे त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम २. मधल्या तीन मीटर लांबीच्या तारेत कुठेतरी पाणी मुरतंय, अक्षरशः. डिझेलच्या टाकीखाली हात घालून तार चाचपत गेलो तर काळ्या टेपने गुंडाळलेला एक सांधा सापडला. टेप सोडली तर आतलं तांबं पार कळकलेलं, बिनकल्हईच्या भांड्यात आमटी राहून गेल्यावर होतं तसं हिरवंगार. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत टिकत नाही, इन्सुलेशनच्या आतून गंज पुढे पुढे सरकत जातो. बोटीसाठी कथलाचा मुलामा दिलेली तार मिळते. म्हणजे कल्हईच की! आमच्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नसतं.

नवी तार ओढली, टोकांना लग दाबून बसवले, वर नळी आवळली. आता पॅनलपाशीही ७ व्होल्ट आले, काटा तरी मेलेलाच. म्हणजे तारही गेली होती आणि मीटरही. दोन तास वाया गेले असं नाही म्हणणार. जुन्या तारेवर नवा मीटर लावला असता तर त्यालाच शिव्या घालत बसलो असतो.

जुन्याचं भोक ८० मिलिमीटरचं, नवा मीटर ८५ चा. सगळीकडून अडीच मिलिमीटर, ऐकायला काहीच नाही. अर्धगोल कानशीने फायबरग्लास घासायला बसलात की कळतं. तो भुगा मानेवर बसला आहे आणि अजून खाजतो आहे.

रविवार, रात्र

आज मीटरला खरं बोलायला शिकवलं.

लोहार चाळीतून हातात धरायचा लेझर टॅकोमीटर आणला होता. इंजिनाच्या पुलीवर चकचकीत टेपचा तुकडा चिकटवायचा आणि लाल ठिपका त्यावर धरायचा, तो प्रत्यक्ष फेरे मोजतो. केबिनची पायरी काढून लेक इंजिनासमोर उकिडवी बसली (केस बांधून, हात पट्ट्यापासून लांब ठेवून, हे चारदा सांगून), मी वर पॅनलपाशी. व्हर्नियरने मोजलेल्या पुल्या १४८ आणि ७० मिलिमीटरच्या, गुणोत्तर २.११. त्याला सहाने गुणलं, १२.७. मीटरमध्ये तेच भरलं. लेक ओरडली, “पंधराशे!” माझ्याकडे १४८८. पट्टा पुलीवर थोडा सरकतोच. १२.६ केलं, जुळलं.

यानंतर थांबलो असतो तर आजची झोप चांगली लागली असती.

पण ट्रायल घ्यायलाच हवी. भागीदारही आला होता. पाणी भरतीला थांबलेलं, वारा नावाला. मांडव्याच्या दिशेने निघालो आणि मी सवयीने २४०० वर ठेवलं. वहीत नऊ वर्षं एकच नोंद आहे: २४००, साडेपाच नॉट (तासाला सागरी मैल). आज जीपीएसने ६.२ दाखवले. पाण्यावरची लांबी २२ फूट असलेल्या आमच्या बोटीची वेगाची कमाल ६.३ च्या आसपास, म्हणजे ती जवळजवळ टोकाला पोचली होती आणि मागे धूर सोडत होती. भागीदार म्हणाला, “तळ नुकताच घासून रंगवलाय, दुसरं काय.” पटण्यासारखं होतं. मग थ्रॉटल पूर्ण उघडला. पुस्तकाप्रमाणे गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला ३२०० यायला हवेत, आणि जुन्या मीटरवर ते बरोब्बर यायचे. आज २७७० च्या वर एक फेरा नाही.

तळ स्वच्छ असताना फेरे वाढायला हवेत, कमी कसे होतील? परतताना कुणी फारसं बोललं नाही.

बुधवार

जुना मीटर मेलेला, त्याची साक्ष काढणार कशी? आज ऑफिसातून येताना ट्रेनमध्ये सुचलं. लेक सहा वर्षांची असताना तिचा सुकाणू धरलेला एक व्हिडिओ आहे, २०१९ चा. तिच्या कोपरामागे पॅनल दिसतो. काटा २४०० वर, स्थिर. आणि इंजिनाचा आवाज.

तीन सिलिंडरचं चार फटक्यांचं इंजिन एका फेऱ्यात दीड वेळा पेटतं. फेरे २४०० असतील तर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे आवाजात ६० हर्ट्झचा उंचवटा दिसायला हवा. लेकीने व्हिडिओचा आवाज काढून फोनवरच्या एका ॲपमध्ये टाकला. उंचवटा ५२ वर. त्याच्या पटीतले १०४ वर आणि १५६ वरही, म्हणजे चुकून आलेला नव्हे. ५२ भागिले दीड, गुणिले ६०. दोन हजार ऐंशी.

बायको शांतपणे म्हणाली, “म्हणजे नऊ वर्षं तू मला सगळ्या पाहुण्यांसमोर खोटे आकडे सांगत होतास.” होतो.

तोच हिशेब पूर्ण थ्रॉटलला लावला की त्या ३२०० चे बरोबर २७७० होतात. म्हणजे बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा पहिल्यापासूनच इंजिनाला जड आहे. पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात असा ढोबळ ठोकताळा आहे, त्या मापाने आमचा पंखा दोनएक इंच जास्त. दर हंगामात बोटीच्या पार्श्वभागावरची काजळी आम्ही घासत होतो, डिझेलला नावं ठेवत होतो, तीन वर्षांपूर्वी इंजेक्टर काढून सर्व्हिसलाही दिले होते. इंजिन बिचारं तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढत होतं.

जुना मीटर आता टेबलावर पडलाय. त्याच्या पाठीवर एक बारीक स्क्रू आहे, आकडा जुळवायचा. त्याच्यावरचा रंग ओरखडलेला आहे. तो कुणी, कधी आणि कशासाठी फिरवला, बोट आम्हाला विकायच्या आधी ३२०० दिसावेत म्हणून की निव्वळ अज्ञानाने, ते विचारायला आता कुणी नाही.

तासांचा हिशेब तरी खरा होता, तास मोजायला फेरे लागत नाहीत. नव्यावर आज ४ दिसतात. पॅनलवर छोटी पट्टी चिकटवली: ‘अधिक १३८६’. नाहीतर दर शंभर तासांच्या ऑइलचा घोळ झालाच म्हणून समजा.

पंखा काढायचा तर बोट पुन्हा वर घ्यावी लागणार. क्रेनचा खर्च, शिवाय ऐन हंगामात. भागीदाराला सगळं सविस्तर लिहून पाठवलं, ॲपच्या चित्रासकट. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं:

“जुना मीटर टाकलास का? तोच परत लाव.”