हर्णै ते केळशी, पायी

हर्णै बंदरात उजाडता उजाडता गेलं तर तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि ते बरंच असतं. मोठा लिलाव संध्याकाळचा. तरी सकाळीही होड्या लांब पाण्यात नांगरलेल्या असतात, बर्फाच्या लाद्या फुटत असतात आणि माल आणायला बैलगाडी पोटाइतक्या पाण्यात शिरलेली असते. बैल इतके सरावलेले की लाट आली की आपणहून मान वर करतात आणि ती गेली की पुन्हा खाली घालतात. गाडीवाला मागे बसून निवांत फोनवर बोलत होता.

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज एकत्र झाले आणि कमोडोर जेम्सने तोफा डागून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराचा कणा मोडायला इंग्रजांची मदत घेतली, हे मला दर वेळी इथे उभं राहिलं की खटकतं. इकडे किनाऱ्यावर त्याच्या पाठीशी तीन छोटे किल्ले: गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर वस्ती. गोवा किल्ल्याची तटबंदी तेवढी रस्त्यावरून जातानाही नजरेत भरते.

आमचा बेत हर्णैहून चालत केळशी गाठायचा होता. आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. मधे पाजपंढरी, आंजर्ले, मुर्डी, आडे, पाडले, उटंबर. सगळं मिळून वीसेक किलोमीटर. रेवस ते रेडी असा अख्खा किनारा टप्प्याटप्प्याने पायी करणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. कुणी सुट्ट्या जोडून करतं, कुणी निवृत्तीनंतर. या वाटेला ना खुणेचे दगड ना पाट्या. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, असेल तिथे पुळण, ती संपली की पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, तीही नसेल तर डांबरी रस्ता. मला हे असंच आवडतं. उद्या कुणी फीत कापून इथे ‘ट्रेल’ काढलाच, तर पाट्या नकोत. दर गावात बायकांसाठी एक स्वच्छ मोरी आणि पाण्याचा नळ एवढंच द्या. किनाऱ्याने चालणाऱ्या बाईची खरी अडचण ऊन नसते. आम्हाला देवळांनी आणि ओळख ना पाळख अशा घरांनी तारलं.

वाट ठरवते ती मात्र भरती. कोकणात जुनी माणसं तिचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच सरकते, त्यामुळे पाऊण तासाचं हे गणित जवळपास बरोबर येतं. आम्ही वद्य चतुर्थी धरली होती. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. पुनवेचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे पाणीही चांगलं लांबवर हटणार. सकाळी आंजर्ल्याची पुळण मोकळी मिळेल, तीनला आपण उटंबरच्या चढावर असू आणि पाणी उतरायला लागलं की केळशीच्या पुळणीवर. नणंदेने फोनमधल्या ॲपवर पडताळून पाहिलं. थोड्या मिनिटांचा फरक निघाला. “वहिनी, पाऊणपट पास,” तिने जाहीर केलं.

चतुर्थी म्हणजे अर्थातच संकष्टी, आणि तिचा उपास. वीस किलोमीटर चालायचं आणि चंद्रोदय नऊच्या पुढे. मी दोनदा सुचवून पाहिलं, तिसऱ्यांदा गप्प बसले.

पाजपंढरीतून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मासळी वाळत घातलेली होती. काठ्यांवर बोंबील, खाली जाळ्यांवर जवळा. उपासाच्या माणसाने इथून भराभर जावं. पुढे जोग नदीची खाडी. पूर्वी ती तरीने ओलांडायची. आता पूल आहे, आणि पुलावरून दिसणारी खाडी बघायला पाच मिनिटं थांबलंच पाहिजे. दोन्ही काठांना होड्या ओढून ठेवलेल्या, कुणाचं रंगकाम चाललंय, कुणी फळ्यांच्या सांधीत कापूस ठासतोय.

कड्यावरच्या गणपतीला गर्दी असणार हे माहीतच होतं. गाडीरस्त्याने आलेल्यांची रांग देवळाबाहेर तळ्यापर्यंत आली होती. उजव्या सोंडेचा गणपती. मूळ देऊळ खाली समुद्रकाठी होतं, पाणी चढलं तेव्हा देव स्वतः पाऊल टाकून कड्यावर आला अशी कथा सांगतात. ते पाऊलही दाखवतात. सध्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकातला. मागच्या बाजूने खाली पाहिलं तर माडांच्या शेंड्यांपलीकडे सुवर्णदुर्ग, सकाळी होता तेवढाच जवळ. दोन तास चालल्याचं काहीच चीज झालं नाही असं वाटायला लावणारा देखावा! प्रसादाचं खोबरं उपासाला चालतं यावर एकमत झालं आणि पाखाडीने आंजर्ले गावात उतरलो.

आंजर्ल्याच्या पुळणीवर आलो तेव्हा पाणी पार मागे गेलं होतं. घट्ट, ओली, चालायला रस्त्यापेक्षा चांगली वाळू. आणि तिच्यावर, जिथवर नजर जाईल तिथवर, मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या. एका बारीक भोकापासून चहूबाजूंना रांगा गेलेल्या. उकिडवं बसून, हलायचं नाही असं ठरवून पाहिलं की दोनेक मिनिटांत मालक बाहेर येतो: नखाएवढा खेकडा, वाळूच्याच रंगाचा. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो, उरलेल्याची गोळी करतो आणि पायांमधून मागे सारतो. पुन्हा पुढची. भरती आली की सगळं पुसलं जाणार, पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरुवात. माझी सावली पडली आणि अख्खी वस्ती भोकांत गडप झाली.

सुरूच्या बनाशी जाळीचं कुंपण घातलेलं कासवांच्या अंड्यांचं उबवणी केंद्र होतं. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वर येतात, वाळूत खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात आणि परत जातात. पिल्लांचं तोंडही पाहत नाहीत. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री खायची, माणसंही न्यायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं आणि मग ते किनाऱ्या-किनाऱ्याने पसरलं. राखणदार दादांनी आम्हाला कुंपणाबाहेरूनच दाखवलं. प्रत्येक घरट्याशी एक पाटी, तीवर अंडी मिळाल्याची तारीख आणि संख्या. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात.

“रात्री किती वेळा फेरी मारता?” नणंदेने विचारलं.

“फेरी कसली, माग बघायचा. ट्रॅक्टर गेल्यासारखा उमटतो. तो दिसला की काठी खुपसून बघायची, पोकळ लागलं की तिथे अंडी.” मग आमच्या बुटांकडे बघून म्हणाले, “केळशीला चालत? गाडी बंद पडली काय?”

हा प्रश्न दिवसभरात पुन्हा पुन्हा झाला. कोकणात चालत जाणाऱ्या माणसाची लोकांना मनापासून काळजी वाटते.

मुर्डीच्या आगरांमधून जाताना जांभ्याचे गडगे, आत पोफळी आणि मधेच मोकळं आभाळ. इतकं आभाळ या वाड्यांत पूर्वी दिसत नसे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यात माड-पोफळी अक्षरशः झोपवल्या. पुन्हा लावलेली झाडं वाढतायत, पण माड काय किंवा पोफळ काय, फळाला यायला वर्षं जातात आणि तोवर घर चालवायचं कशावर, हा प्रश्न असतोच. बऱ्याच घरांवर ‘राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी दिसते, तिच्यामागे हेही एक कारण असणार. एका आजींनी शहाळी दिली. पैसे घेतले, पण मलईसाठी करवंटीचाच चमचा तासून दिला आणि “ऊन चढलंय, जरा टेका” म्हणत ओटीवर बसवलं.

आड्याला भार्गवरामाचं देऊळ आहे, परशुरामाचं. सावलीत, गार फरशीचं. तिथे आम्ही पाय पसरून तासभर काढला. मी वडापाव खाल्ला, नणंदेने केळी, खजूर आणि माझ्या वडापावकडे एक नजर.

आड्याच्या खाडीत ओहोटी सरली तरी बायका अजून खडकांवर होत्या. कालवं काढत होत्या. हातात लोखंडी कोयती, कमरेला ओचा, उन्हासाठी डोक्यावर टॉवेल. खडकाला चिकटलेल्या शिंपल्यावर नेमका टोला, वरचं झाकण उडालं की टोकाने आतला गर सुटतो आणि डब्यात जातो. तासन्‌तास वाकून छोटा डबा भरतो. नंतर बाजारात आपण त्याच डब्याचा भाव करतो. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, एकीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि ती हसत आम्हाला विचारत होती, “एवढं चालून मिळतं काय?” उत्तर सुचलं नाही. मी “काही नाही” म्हणाले तर सगळ्याच हसल्या.

पाडल्याला रस्ता समुद्राच्या अगदी कडेने जातो. गाडीतून हा भाग फार देखणा वाटतो, फोटोही इथलेच जास्त दिसतात. पायी मात्र एवढ्याच तुकड्याचा कंटाळा आला. दुपारी दोनचं ऊन, पाणी चढत आलेलं, त्यामुळे पुळणीवर उतरायची सोय नाही, आणि मागून खिडकीतून मोबाइल काढत येणाऱ्या गाड्या. मान खाली घालून उरकला.

उटंबरचा चढ सुरू झाला आणि बरोबर तीनच्या आसपास वरून खाली पाहिलं तर भरती पूर्ण. लाटा थेट खडकांवर. झाडीवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालत होता. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गवत वाळून पिवळं, काळाकुट्ट जांभा आणि वारा. पाणी संपत आलं होतं, एका घराच्या पडवीत मागितलं तर तांब्याबरोबर गूळही आला. नणंदेने गूळ घेतला.

केळशीच्या पुळणीवर उतरलो तेव्हा पाणी निम्मं सरलेलं, पायांना पुन्हा ओली वाळू. पुळणीच्या दुसऱ्या टोकाला भारजा नदीची खाडी, आणि तिच्या तोंडाशी वाळूची ती प्रसिद्ध टेकडी. दुरून झाडोऱ्याने झाकलेली साधी टेकडीच वाटते, जवळ गेलं की कळतं की आत खडक नाही, सगळी वाळू. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी हिचा अभ्यास केला. आत खापरं, जुनी नाणी, माणसांचे सांगाडे असं बरंच काही सापडलं, आणि ही टेकडी त्सुनामीने उभी केली असावी अशी मांडणी त्यांनी केली. कडेला जिथे वाळू ढासळली आहे तिथे थर दिसतात: फिकट, गडद, मधेच शंख-शिंपल्यांची रेघ. मी एक शिंपला जवळून पाहिला आणि होता तिथेच राहू दिला. लोक इथून वाळू नेतात, तुकडे खिशात घालतात. हे थांबायला हवं.

गावात महालक्ष्मीच्या देवळाशी पोचेपर्यंत दिवे लागले होते. याकूबबाबांचा दर्गा दुसऱ्या दिवसावर टाकला. जिथे उतरलो त्या घरच्या काकूंनी संकष्टी म्हणून मोदक केलेच होते. चंद्र दिसला, नैवेद्य झाला आणि नणंदेने पहिल्या मोदकावर तूप ओतलं ते मोदक दिसेनासा होईपर्यंत. मग वालाचं बिरडं, भात, सोलकढी. बोलणं जवळजवळ नाहीच.

जेवणं झाल्यावर काका पुढच्या वाटेचं सांगत बसले. खाडीपलीकडे साखरी, मग वेळास, मग बाणकोट. “पण वेळासला आत्ता जाऊन काय करणार? मार्चात या. सकाळी सातला नि संध्याकाळी सहाला घरट्यांवरच्या टोपल्या उचलतात, पिल्लं निघाली असली तर डोळ्यांदेखत समुद्रात जातात.”

नणंदेने तिथल्या तिथे फोनवरून रजा टाकली. मी अकाउंट्समध्ये आहे. मार्चात रजा हा शब्द आमच्याकडे उच्चारत नाहीत.