काका, जरा बाजूला व्हा ना!

आज संध्याकाळी परळला पुलाखाली एक काका स्कूटरवरून घसरले. पाऊस, त्यात रस्त्यावर सांडलेलं ऑइल. डबा उघडून भेंडीची भाजी रस्ताभर पसरली होती, कपाळातून रक्त येत होतं. मी धावलो, तर मागून आवाज आला, "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." अकरावी-बारावीतली तीन पोरं, पाठीला सॅक, तिघांचे मोबाईल वर. एकाने तर भाजीचाही क्लोजअप घेतला आणि खिदळला.

१०८ला फोन पानवाल्याने लावला. मी नुसता रुमाल दाबून बसलो होतो.

नंतर त्यातल्या एकाला विचारलं, हात का नाही लावलास? "पोलिसांचं लफडं नको, काका." म्हटलं, बाळा, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलंय. अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. त्याने ऐकलं, मान हलवली आणि खाली बघून व्हिडिओला गाणं लावायला घेतलं.

राग आला. पण खरं सांगतो, गेल्याच महिन्यात कुणीतरी चिखलात आपटल्याची क्लिप मीच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. वर तीन हसरे चेहरे.

काकांना सहा टाके पडले. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी पहिलं विचारलं, "डबा घेतला का कुणी?"

डबा माझ्याकडेच आहे. धुऊन ठेवलाय.