पूररेषेच्या दाखल्यात पातळीचा आकडा लिहून घ्या : माझा अनुभव

कृष्णाकाठी गावठाणाबाहेर घर बांधायचं असेल तर आर्किटेक्टकडे जायच्या आधी पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा दाखला काढा, आणि त्या दाखल्यात लाल रेषेची, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पातळी आकड्यात लिहून घ्या. एवढी एक गोष्ट आम्हाला ना ग्रामपंचायतीत कुणी सांगितली, ना तहसीलला. त्या एका आकड्यासाठी आमचा अख्खा पावसाळा आणि दिवाळी गेली. दुसऱ्या कुणाची जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीला लागून. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय पूर असेल ते बघा. गावठाणातल्या आमच्या जुन्या घरात तेव्हा माळ्याला पाणी लागलं. मळ्यात मात्र गुडघाभरच होतं. २०२१ ला परत सामान ट्रॉलीत भरायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, "आता बास. मळ्यात घर बांधायचं."

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच, ३२०० चौरस फुटांपर्यंत टाऊन प्लॅनिंगची भानगड नाही, ग्रामपंचायतच परवानगी देते. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "ते गावठाणात. तुमचं घर रानात आहे. तिथं अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, फाईल नगर रचनेकडं जाणार." असं तोंडावर खरं सांगणारा माणूस भेटला तर त्याचे आभार माना. काही जण म्हणाले, कशाला परवानगी, बांधून टाका, कोण बघतंय. पण आमच्या बँकेला मंजूर नकाशा आणि सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा सरकारी कागद) दोन्ही लागत होते. कर्ज काढायचं असेल तर तो रस्ता बंदच आहे. शिवाय पुराच्या पट्ट्यात विनापरवाना घर बांधून उद्या भरपाईच्या यादीत नाव यावं असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

सातबारा, आठ अ, फेरफार, मोजणीची क प्रत, झोन दाखला, पोहोच रस्ता, हे सगळं वेळेत झालं. आमचा गट गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत येतो, म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली तहसीलदारांकडं अर्ज केला, चलन भरलं, सनद मिळाली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मोजणीच्या दिवशी शेजारच्या बांधकऱ्यांना आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा, नुसत्या नोटिशीवर राहू नका, एवढंच.

अडकलं ते पूररेषेवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवीन बांधकाम होत नाही. निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात होतं, पण अट आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली, तिच्यात लिहिलंय की या पट्ट्यात बांधकाम लाल रेषेच्या पातळीपासून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर पाहिजे. आमची जागा नेमकी या पट्ट्यात.

आम्ही अर्ज केला, दाखला आला. त्यात एकच ओळ कामाची, "सदर गट निळ्या व लाल पूररेषेच्या दरम्यान येतो." आम्हाला वाटलं झालं काम. आर्किटेक्टनं नेहमीसारखं दोन फुटांचं जोतं धरून नकाशा केला, फाईल दाखल झाली आणि त्रुटीपत्र आलं. लाल रेषेची पातळी नमूद नाही, जोत्याची पातळी त्यानुसार दर्शवावी. नगर रचनेचं बरोबरच होतं. पातळीच माहीत नसेल तर तिच्या वर दीड फूट कुठून मोजणार?

दाखला देणाऱ्या कार्यालयात परत गेलो. टेबलावरच्या लिपिकांनी दाखला वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "दिलंय की लिहून. अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, आकडा पाहिजे साहेब. "आकडा आम्ही देत नाही. रेषेच्या आत की बाहेर, एवढंच देतो." मी विचारलं, मग कोण देतं? त्याला उत्तर नाही. अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला. पुढच्या खेपेला सांगितलं, नकाशावर गट नंबर नाहीत, मोजणी नकाशा जोडा. जोडला. मग जून लागला, साहेब पूर नियंत्रण कक्षात, धरणातून विसर्ग चालू, आता सप्टेंबरनंतर या. नदीला पाणी असताना त्यांचं काम तेच आहे, हे मला मान्य आहे. पण मार्चमध्ये दिलेला अर्ज जूनपर्यंत टपालातच पडून असेल तर त्याचा दोष पावसाला देऊ नये.

सप्टेंबरनंतर गेलो तर जुना अर्ज सापडेना. माझ्याकडं बारनिशीच्या, म्हणजे टपाल घेणाऱ्या टेबलाच्या, शिक्क्याची पोच होती म्हणून अर्ज आला होता हे तरी मान्य झालं. प्रत्येक कागदाची शिक्क्यासहित पोच घ्या, फोनमध्ये फोटो काढा, आणि आवक क्रमांक फोटोत वाचता येतो का ते तिथंच उभं राहून बघा. आमच्या एका पोचीवर शिक्का इतका फिका होता की क्रमांकच उमटला नव्हता, तो मी परत मारून घेतला.

शेवटी वाट निघाली ती माहितीच्या अधिकारातून. पूररेषा आखताना नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंतची मापं) घेतलेले असतात आणि प्रत्येक छेदाला निळ्या आणि लाल रेषेची पातळी काढलेली असते. म्हणजे आकडा त्यांच्याकडं असतोच. हे मला एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी सांगितलं. आमच्या पाहुण्यांतलेच, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी अर्जाचा मजकूरही सांगितला. "माझ्या गटाला पातळी द्या" असं मागायचं नाही. "आमच्या गावाच्या हद्दीतल्या आडव्या छेदांच्या तक्त्याची साक्षांकित प्रत द्या" असं मागायचं. नवीन माहिती तयार करून मागितली की नाही म्हणायला जागा मिळते, असलेला कागद मागितला की ती जागा उरत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत तक्ता हातात आला. आणि गंमत नव्हे, खरं सांगतो, तो तक्ता जोडून परत गेलो तेव्हा आकडा न देणाऱ्या त्याच टेबलावरून पातळी लिहिलेलं पत्र निघालं. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढाच रागही आला.

पातळी मीटरमध्ये असते, समुद्रसपाटीपासूनची. ती आपल्या रानात कशी आणायची? खाजगी सर्व्हेअर ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, घेऊन आला. पुलाच्या कठड्यावर पातळी माहीत असलेली खात्याची खूण आहे, तिथून सुरुवात केली. चुलतभाऊ स्टाफ (आकड्यांची उंच पट्टी) धरून पुढं, सर्व्हेअर मागं, असं टप्प्याटप्प्यानं उसाच्या कडेकडेनं मळ्यापर्यंत. ऊस डोक्याच्या वर गेलेला, एका ठिकाणी स्टाफ दिसेना म्हणून पाचट बाजूला दाबून धरावं लागलं. मळ्यात आल्यावर विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं खूण केली आणि मग मोटरखोलीच्या भिंतीवर लाल रेषेची पातळी खडूनं ओढली. २०१९ च्या गाळाचा पट्टा त्या भिंतीवर अजून आहे. खडूची रेघ त्याच्यापासून चार बोटं वर आली. वडील बराच वेळ तिथं हात लावून बघत होते. कागदावरचा आकडा खरा आहे हे त्यांना तिथं पटलं, आणि मलाही.

जमिनीपासून लाल रेषा दोन फूट वर, त्यावर दीड फूट, म्हणजे जोतं साडेतीन फूट. आर्किटेक्टनं नकाशा बदलला. वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्यांच्या जोडीला उतार घेतला. पायऱ्या आणि उतार पुढं येतात, त्यामुळं समोरचं सामासिक अंतर (घर आणि हद्द यांच्यामधली मोकळी जागा) परत तपासावं लागतं, हे विसरू नका. भरावाचा खर्चही आधी काढा. मुरमाच्या ट्रॉल्यांचा हिशेब दोन फुटांच्या जोत्याला वेगळा आणि साडेतीनला वेगळा, आणि बँकेला अंदाजपत्रक एकदाच द्यायचं असतं.

आणखी एक आठवलं. तुमची जागा राज्यमार्गाला लागून असेल तर बांधकाम खात्याचा ना हरकत दाखलाही लागतो. तोही पूररेषेच्या दाखल्याबरोबरच मागा, एकामागून एक मागत बसू नका. अर्ज करायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्चला सगळीकडं वर्षअखेर असते आणि जूनपासून पाटबंधाऱ्याची माणसं नदीवर असतात.

नकाशा मंजूर झाला, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळालं. आता जोतं झालं की त्याची तपासणी होईल आणि तेव्हा पातळी परत मोजली जाईल. म्हणून विहिरीच्या कठड्यावरची लाल खूण गवंड्यांना दाखवून ठेवलीय, आणि तिथं सिमेंटचं घमेलं ठेवायचं नाही असं सांगितलंय.