०.६ सेकंदांचा ठोका: रूनस्केप पुन्हा खेळताना

बऱ्याच वर्षांनी रूनस्केप या ऑनलाइन खेळाकडे परतणाऱ्याची पहिली पंचाईत लॉगिन केल्यावरच होते: जुनं पात्र कुठे गेलं? मूळ खेळ जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला आणि बदलत बदलत आजचा रूनस्केप झाला. तुमचं शाळकरी वयातलं पात्र, त्याच्या लेव्हल्ससकट, त्या खेळात आहे. ओल्ड स्कूल रूनस्केप हा वेगळा खेळ. रूनस्केप बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून तो २२ फेब्रुवारी २०१३ ला पुन्हा उभा केला. बॅकअप खेळाचा होता, खेळाडूंच्या कमाईचा नव्हे. त्यामुळे इथे सगळेच ट्युटोरियल आयलंड या शिकवणीच्या बेटावर हात हलवत उतरतात. हे उत्तमच आहे. खेळातल्या सामानाने भरलेल्या जुन्या बँकेत काय कशासाठी ठेवलं होतं, ते आठवत बसण्यापेक्षा कोरी पाटी बरी.

खातं जुनंच असेल तर आधी बँक पिन लावा. चार आकडी असतो. तो काढून टाकायची विनंती केली तरी ३ किंवा ७ दिवस थांबावं लागतं, म्हणजे पासवर्ड चोरणाऱ्याला लगेच बँक उघडता येत नाही.

आता गणित, कारण मोठेपणी खेळ बदलतो तो इथे. ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि ९२ ला ६५,१७,२५३. म्हणजे ९२ वर पोचलेला माणूस अजून जेमतेम निम्म्या वाटेवर असतो. दर सात लेव्हलला आकडा साधारण दुप्पट होतो. लहानपणी हे ठाऊक नसतं, म्हणून एकाच झाडाशी महिनोन्‌महिने कुऱ्हाड चालते. उलट ७० ला लागतात फक्त ७,३७,६२७, म्हणजे ९९ च्या सहा टक्क्यांहूनही कमी. आणि खेळातला सगळ्यात रंगतदार ऐवज, म्हणजे क्वेस्ट (गोष्टीतल्या मोहिमा), बहुतांशी ७० च्या आसपास उघडतो. ‘साँग ऑफ द एल्व्ह्ज’सारख्या बड्या क्वेस्टला आठ कौशल्यं ७० वर लागतात, त्याहून वर एकही नाही. वेळ मोजका असेल तर ९९ चा नाद सोडा आणि ७० धरा.

सुरुवात वॉटरफॉल क्वेस्टने करा. (ही आणि पुढचं सगळं मेंबरशिपवालं आहे, फुकट खेळात यातलं काही नाही.) तिला कसलीही लेव्हल लागत नाही आणि बक्षीस म्हणून अटॅक आणि स्ट्रेंग्थमध्ये प्रत्येकी १३,७५० एक्सपी मिळतात, म्हणजे दोन्ही १ वरून थेट ३०. एक कोंबडी मारली की १२ एक्सपी. दोन्ही कौशल्यांचा हिशेब धरला तर जवळजवळ २,३०० कोंबड्या वाचल्या.

सोबत दोर घ्या आणि एअर, वॉटर, अर्थ यांचे प्रत्येकी ६ रून (जादूचे छोटे दगड) बँकेत तयार ठेवा. क्वेस्टमधल्या ग्लॅरियल राणीच्या थडग्यात शिरताना मात्र अंगावर किंवा पिशवीत शस्त्र, चिलखत, रून काही चालत नाही. आत जाता येत नसेल तर कुठेतरी एखादा रून राहिलाय असं समजा. आतून ताईत आणि अस्थिकलश घेऊन बाहेर पडा, बँकेतून रून उचला आणि धबधब्याकडे निघा. नदीत पोहायला जाऊ नका, वाहून जाल. दोर आधी खडकाला, मग वाळक्या झाडाला वापरायचा. ताईत गळ्यात घालूनच दार उघडा. आत फायर जायंट आहेत, त्यांच्याशी लढायचं नाही, पळायचं. शेवटच्या खोलीत सहा खांब; प्रत्येकावर तिन्ही प्रकारचा एकेक रून, मग पुतळ्यावर ताईत. आणि इथेच घाई नडते: समोरच्या चषकावर नुसतं क्लिक केलं की खोलीत पाणी भरतं आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. चषकावर कलश वापरायचा.

पुढे शेती. शाळकरी वयात कंटाळवाणी वाटणारी ही गोष्ट नोकरदार माणसासाठीच बनवलीय असं वाटावं. औषधी वनस्पती ८० मिनिटांत तयार होते, वीस-वीस मिनिटांचे चार टप्पे, आणि तुम्ही लॉगआउट असलात तरी वाढते. पूर्ण वाढली की खराब होत नाही, आठ तासांनी आलात तरी वाट पाहत उभी. फॅलाडोर, कॅथरबी, आर्डून आणि पोर्ट फॅस्मॅटिस इथल्या वाफ्यांची फेरी मारायला पाच-सात मिनिटं पुरतात. प्रत्येक वाफ्यात अल्ट्राकंपोस्ट हे खत टाकाच: रोगाची शक्यता घटते आणि कमीत कमी पीक ३ वरून ६ वर जातं. भाजीच्या वाफ्यासारखा माळ्याला मोबदला देऊन हा वाफा राखता येत नाही, त्यामुळे अधूनमधून एखादा मरणारच. पिशवी भरली तर बँकेकडे धावू नका. वाफ्याजवळच्या लेप्रेकॉन या बुटक्यावर वनस्पती वापरली की तो तिच्या नोटा, म्हणजे पिशवीत एकाच जागेत मावणाऱ्या चिठ्ठ्या, करून देतो. अवजारंही त्याच्याकडेच ठेवता येतात.

हात चपळ राहिले नाहीत ही तक्रार मात्र फारशी खरी नाही. हा खेळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो, त्याला टिक म्हणतात. त्या वेळात कितीही क्लिक मारा, खेळ हिशेब ठोक्यालाच करतो. फाइट केव्ह्ज या गुहेत शत्रूंच्या लाटांशी लढावं लागतं; तिथला शेवटचा राक्षस जॅड हे त्याचं चांगलं उदाहरण. ६३ व्या लाटेला तो येतो आणि त्याचा एक फटका ९७ पर्यंत जातो. पण वार करण्याआधी तो सांगतो: पुढचे पाय उचलून अधांतरी धरले की जादू, पाय जमिनीवर आपटले की लांबून मारा. त्यानुसार प्रेयर (त्या वारापासून वाचवणारी प्रार्थना) बदलायची, आणि वार आठ ठोक्यांनी एकदा, म्हणजे ४.८ सेकंदांनी, तेव्हा वेळ भरपूर. लोक मरतात ते घाबरून. जॅडचा जीव निम्म्यावर आला की त्याला बरं करणारे चार उपचारक येतात; नजर त्यांच्याकडे वळते आणि जॅडचे पाय बघायचे राहतात. आधी प्रेयर बदला, मग त्याच्या दोन वारांमधल्या फटीत एका उपचारकाला एकच फटका देऊन आपल्याकडे ओढा. चौघांना चार फेऱ्या लागल्या तरी हरकत नाही. आवाज चालू ठेवा, दोन्ही वारांचे आवाज वेगळे आहेत.

आणि ६३ लाटा एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. लाट चालू असताना लॉगआउट दाबलं की ती लाट संपल्यावर खेळ थांबतो, पुन्हा आलात की पुढच्या लाटेपासून सुरू. कुकरची तिसरी शिट्टी झाली तर खुशाल उठा.