आमची वाटचाल : वागळे इस्टेटमधला व्हॉल्ववाला

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हाय प्रेशर व्हॉल्वचं, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रांतले व्हॉल्व दुरुस्त करायचं काम कुठे होतं असं विचारलं, तर जुनी माणसं अजून आमच्याच गाळ्याकडे बोट दाखवतात. ज्यांना हे पटत नाही त्यांचा विषय पुढे येणारच आहे.

सुरुवात मी आणि मामांनी केली. मामा माझे सख्खे नव्हेत, अख्खी इस्टेट त्यांना मामाच म्हणायची. भांडवल माझं, हात त्यांचे. एक जुना लेथ, चेनपुली, हायड्रो टेस्टचा हातपंप आणि मामांच्या बिडाच्या लॅपिंग प्लेटा, म्हणजे व्हॉल्वचे भाग घासून सपाट करायच्या, एवढाच संसार. त्या प्लेटा ते तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवत. पोरांना हात लावू देत नसत. आधी जाड पेस्ट, मग बारीक, शेवटी डायमंड कंपाउंड. डिस्कला, म्हणजे व्हॉल्वच्या झाकणाला, निळी लावून ते जिथे बसतं त्या सीटवर टेकवायची, उचलून बघायचं. निळीचं कडं अखंड उमटलं तर ठीक, कुठे तुटलं तर पुन्हा घासा. शटडाउनची रात्र असली, साहेब डोक्यावर उभे असले, तरी पुन्हा घासा. सीटवरचा स्टेलाइटचा, म्हणजे कठीण मिश्रधातूचा, थर असतो दोन-तीन मिलिमीटरचा. ग्राइंडर मारून तो उडवणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणत नाही.

पुढची वर्षं वीजकेंद्रांतल्या दोनशे दहा मेगावॅटच्या सेटांवर गेली. कामं मिळाली, पैसे मिळाले, सांगण्यासारखं फार नाही.

मग आलं २०१६-१७. देशातल्या कोळशाच्या संचांचा पीएलएफ, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज बनते तो आकडा, साठ टक्क्यांवर आला. मागणी नाही म्हणून संच बंद ठेवलेले, रिझर्व्ह शटडाउनमध्ये, ओव्हरहॉल पुढच्या वर्षावर. ज्या बड्या कंत्राटदाराखाली आम्ही काम घेत होतो त्याने बिलं अडवली. विचारलं की, "वरून आलं की देतो." बँकेने 'कोळशावरची पार्टी' म्हणून कॅश क्रेडिट कापलं. आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याने आमचे तयार फिटर पळवले आणि निम्म्या भावात कोटेशनं टाकली. निम्म्या भावात लॅपिंग होत नाही, ग्राइंडरच चालतो. त्याने केलेले ड्रेन व्हॉल्व बॉयलर पेटवल्यावर बंद असूनही गळायला लागले, तेव्हा शिव्या मात्र सगळ्या इस्टेटला बसल्या. मामांनी सहा महिने पगार घेतला नाही. माझ्या बायकोच्या पाटल्या गेल्या, त्या अजून परत झाल्या नाहीत.

वाचवलं ते विदर्भातल्या एका साहेबांनी. बॉयलर मेंटेनन्सला होते. फोनवर एवढंच विचारलं, "मामा आहेत ना?" आहेत म्हटल्यावर मधला कंत्राटदार वगळून थेट आमच्या नावाने ऑर्डर काढली. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाचे रिसर्क्युलेशन व्हॉल्व होते, पंपाचं पाणी परत टाकीत फिरवणारे. उघडून पाहिलं तर उंदराने पाव कुरतडावा तसा ट्रिम, म्हणजे व्हॉल्वचा आतला भाग, खाल्लेला. साहेब म्हणाले, "संच आता दुपारी खाली येतो, संध्याकाळी वर जातो. याचंच काम तुम्हाला पुढे पुरेल."

ते खरं ठरलं. सोलर वाढला तशी दुपारी ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरवरून बॅकडाउनची, म्हणजे वीज कमी बनवा अशी, सूचना येऊ लागली. लोड उतरला की पंपाचा किमान प्रवाह राखायला रिसर्क्युलेशन उघडतं. एका बाजूला चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या वर प्रेशर, दुसरीकडे पाण्यातली हवा काढणाऱ्या डीएरेटर टाकीचे पाच-सात किलो. त्या उडीत पाण्यात बुडबुडे होतात, फुटतात आणि धातू खातात. वाफेवर पाणी फवारून तिचं तापमान सांभाळणारा स्प्रे कंट्रोल व्हॉल्व जेमतेम उघडा राहून सीटवरच कापला जातो. हे सेट बांधले होते एकसारखा लोड घेऊन चालायला. आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम त्यांना ४० टक्क्यांपर्यंत उतरायला सांगतात.

शेजाऱ्याने तोवर पाटी बदलून सोलर केलं. शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. ३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनमधलं शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफ, बंद झालं. ती बातमी त्याने मला पाठवली, खाली लिहिलं : 'आता तुमचा नंबर.' मी उत्तर दिलं नाही, इथे देतो. त्यांच्याकडे गॅस होता, समुद्रातले पवनचक्क्यांचे पार्क होते, शेजारी देशांकडून वीज आणणाऱ्या केबल होत्या, आणि तरीही कित्येक वर्षं लागली. आपल्याकडे २०२५ मध्ये स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर गेला, पण प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेच्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच. सूर्य मावळल्यावर पंखे आणि एसी चालूच असतात. कोळसा जायलाच हवा, राखेच्या तळ्याशेजारी राहणाऱ्या माणसाला विचारा. माझ्या गाळ्याच्या पत्र्यावरही पॅनेल आहेत. पण जाईपर्यंत तो रोज उठबस करणार आहे, आणि ती उठबस सांभाळणाऱ्याला कुणी शाल देत नाही.

नव्या पोरांना, विशेषतः सोलरवाल्यांना, सांगतो. बिलावर उद्यम नंबर, म्हणजे छोट्या उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, छापा. लेखी करार असला तरी छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. आता आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात तो ४३बी(एच) होता) मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट पार्टीला त्या वर्षी मिळत नाही, म्हणून अकाउंट्सवाले निदान फोन तरी उचलतात. पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर, हातात आल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. आणि व्हॉल्वच्या दांड्याभोवती गळती थांबवणारं ग्लँड पॅकिंग स्वस्तातलं वापरू नका, हे सोलरशी संबंधित नाही, तरी सांगतो.

सध्या आमचं लक्ष पंप्ड स्टोरेजकडे आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प सगळ्यांना माहीत आहे, त्याचं खालचं धरण आपल्याच शहापूर तालुक्यात. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी सोडायचं. तिथे वाफ नाही, पण व्हॉल्व आहेत, आणि ते आमच्या शटरमधून आत येणार नाहीत एवढे मोठे. पोर्टेबल मशीन घेऊन आपणच जायचं. मामा आता येत नाहीत, गुडघे गेले, पण प्लेटा त्यांच्याच आहेत. अशाच एका नव्या प्रकल्पाला कोटेशन दिलं आहे. तीस टक्के आगाऊ, ही अट पहिल्याच पानावर टाकली आहे.