१७ जुलैची सभा

समाजवादी नेत्या मृणालताई गोरे १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. तेव्हापासून गोरेगावातले आमचे छोटे महिला मंडळ दर वर्षी त्या तारखेला त्यांची स्मृतिसभा भरवत आले आहे. तारीख ऐन पावसाळ्यातली असल्याने उपस्थितीविषयी कुरकुर करू नये, असे अध्यक्षबाईंचे म्हणणे; पण हजेरीची वही माझ्याकडे असते, त्यामुळे मला ते जमत नाही. उंच इमारतींतून जेमतेम पाच-सहा जण येतात, आणि वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या बायका मात्र ओचा खोचून, साचलेले पाणी तुडवत, वेळेआधी येऊन पुढची रांग धरतात.

प्रतिमेला हार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. पाहुणे १९६१ची महापालिका, १९७२ची विधानसभा आणि १९७७ची लोकसभा अशा क्रमाने ताईंची कारकीर्द सांगतात, एखादे साल हमखास चुकवतात आणि मागून कोणीतरी ते दुरुस्त करते. पाण्यासाठी लढणाऱ्या ‘पाणीवाली बाई’ म्हणजे ताई १९७७ साली निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हाच्या ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ या घोषणेला टाळ्या ठरलेल्याच. डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट सोडून त्या चळवळीत आल्या आणि १९५८ साली पती बंडू गोरे गेल्यानंतर, पदरी लहान मुलगी असतानाही, त्यांनी काम थांबवले नाही, हे ऐकताना सभागृह क्षणभर शांत होते.

माझे सारे लक्ष असते ते पाहुणे बसल्यानंतरच्या अर्ध्या तासाकडे, कारण तेव्हा कोणाही बाईने उठून बोलावे, अशी मुभा असते. महागाईविरुद्ध ताई आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मोर्चात गेलेल्या एक आजी पिशवीतून लाटणे काढतात. थाळी बडवून त्याचे एक टोक ठेचले गेले आहे. त्या भाषण करत नाहीत. तीनदा टेबलावर लाटणे आपटून दाखवतात आणि म्हणतात, “दुसऱ्या दिवशी याच्यानंच पोळ्या लाटल्या, तेव्हापासून एका बाजूला जाड होतात.” सभागृह हसते आणि माझ्या डोळ्यांत दर वर्षी पाणी येते. दुसऱ्या एक बाई सांगतात, की मोर्चा लांबला तर नळाचा नंबर जाईल म्हणून रांगेत स्वतःचा हंडा आणि त्याच्यापाशी शेजारणीचा मुलगा ठेवून त्या निघत. ताईंच्या पुढाकाराने परवडणाऱ्या घरांसाठी झालेल्या नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून उभी राहिलेली हजारो घरे आकड्यांत सांगता येतात. तो हंडा मात्र या बाईंच्या तोंडूनच ऐकायला हवा. गेल्या वर्षी उशीर झाला म्हणून सूत्रसंचालकांनी त्यांना दोन मिनिटांत आटोपायला सांगितले, ते मी अजून विसरलेले नाही.

आभार मानताना कोणी राहू नये, ही माझी नेहमीची धास्ती. विनामोबदला सभागृह देणारी शाळा, ध्वनिक्षेपकाचे भाडे न घेणारे काका, छत्र्यांचे पाणी निथळायला दाराशी बादल्या मांडणाऱ्या दोघी मैत्रिणी, प्रतिमेची काच पुसून आणणारे फ्रेमवाले, फलक लिहिणाऱ्या चित्रकलेच्या बाई, आजींना हात धरून जिना चढवणारी मुले आणि चहाचे कप गोळा करणारे आमच्याच सभासदांचे यजमान, इतकी नावे मी कागदावर लिहून नेते. तरीही सभा संपेपर्यंत किल्ल्या घेऊन जिन्याशी उभे राहणारे शाळेचे शिपाईमामा सलग दोन वर्षे माझ्या यादीतून सुटले. यंदा त्यांचे नाव मी पहिल्या ओळीत लिहिले आहे.